सातपुड्याच्या वर्गात ओशिन

नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या आश्रमशाळेत भूगोलाच्या तासाला विकासाचे प्रकरण निघते, तेव्हा त्यातील कोष्टकांत आपला जिल्हा कोठे आहे हे शोधण्याचे श्रम मुलाला पडत नाहीत. यादी तळापासून वाचावयास घेतली म्हणजे पहिले नाव त्याचेच असते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०११च्या जनगणनेप्रमाणे साडेसोळा लक्षांच्या लोकवस्तीचा आहे, त्यात शंभरांतील एकोणसत्तर माणसे आदिवासी आहेत, आणि साक्षरतेचे त्याचे चौसष्ट टक्क्यांचे प्रमाण राज्यात सर्वांत खालचे ठरले. २०१२च्या राज्य मानव विकास अहवालातही तो शेवटीच राहिला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने 'आकांक्षित' जिल्ह्यांची जी यादी काढली तिच्यात महाराष्ट्राचे जे चार जिल्हे आले त्यांपैकी हा एक. देशातील पहिली आधारपत्रे २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावी खुद्द पंतप्रधानांच्या उपस्थितीत वाटली गेली. असे बहुमान नंदुरबारला मिळतात ते बहुधा त्याच्या दारिद्र्याच्या बळावरच मिळतात, ही गोष्ट मोठ्यांच्या ध्यानी आली नसली तरी मुलांच्या आल्यावाचून राहत नाही.

अशा रीतीने शिकवलेल्या विकासातून धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलाच्या मनावर जो संस्कार होतो तो असा की, विकास म्हणजे अन्यत्र घडून गेलेली आणि आपल्यामुळे अडून राहिलेली एक गोष्ट आहे, आपण तिचा विषय आहोत, तिचे परीक्षक नव्हे. हा संस्कार पुसावयाचा असेल तर जागतिक विकासाचा पाठ आकडेवारीने सुरू न करता परदेशी दूरचित्रवाणी-नाट्याने सुरू करावा, आणि आठवी-नववीच्या वर्गांपुरती तरी त्याची सुरुवात 'ओशिन' या जपानी मालिकेने करावी, अशी माझी सूचना आहे. ती चमत्कारिक वाटेल हे मी जाणतो. ज्या शाळांतून गणिताचा शिक्षक मिळताना मारामार पडते तेथे जपानी नाटकाची चैन कशासाठी, हा प्रश्न जिल्हा परिषदेचा कोणीही सदस्य विचारील, आणि त्याने तो अवश्य विचारावा.

जपानच्या एन्‌एच्‌के या सार्वजनिक प्रसारण संस्थेने एप्रिल १९८३ पासून वर्षभर, रोज सकाळी पंधरा मिनिटे, असे या मालिकेचे २९७ भाग दाखवले. सुगाको हाशिदा या लेखिकेने ते लिहिले होते. जपानात सरासरीने निम्म्याहून अधिक घरांतून ती पाहिली गेली आणि पुढे आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका मिळून साठांवर देशांत पोहोचली. नायिका ओशिन हिच्या बालपणाची कथा उत्तर जपानातील यामागाता प्रांती, १९०७च्या सुमारास घडते. कूळ म्हणून जमीन कसणारे एक कुटुंब आहे, पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून जमीनदाराकडे जातो, घरात भातात मुळ्याचे तुकडे घालून तो पुरवला जातो, आणि म्हातारी आजी आपल्या तोंडी जाणारा घास घरादाराला भार होतो म्हणून आधीच हात आखडून जेवते. अशा घरातील सात वर्षांची ओशिन एका पोत्या तांदळाच्या मोबदल्यात वर्षभरासाठी एका लाकूड-व्यापाऱ्याच्या घरी मूल सांभाळण्यास ठेवली जाते. ती प्रथम नकार देते. पण गरोदर आई पोटातील गर्भ पडावा म्हणून गोठलेल्या नदीच्या पाण्यात उतरलेली ती पाहते, आणि मग आपण होऊन जावयास तयार होते. ओंडक्यांच्या तराफ्यावर बसून मोगामी नदीवरून ती जाते आणि बापाला काठावर उभे राहणे अशक्य होते, तो प्रसंग ज्याने पाहिला त्याने तो विसरल्याचे मी ऐकलेले नाही.

मोलगी परिसरातील कोणत्याही पाड्यावरच्या मुलीला या कथेतील काय समजावून सांगावे लागेल? हिमवर्षाव तेवढा सांगावा लागेल. बाकीचे तिला शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असते. पावसाळा संपता संपता मुकादम येतो, उचल देतो, कागदावर अंगठा अथवा सही घेतो, आणि दिवाळीच्या मागेपुढे नवरा-बायकोचा एक 'कोयता' या हिशेबाने कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे निघतात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोलीच्या ऊसमळ्यांत खानदेशातून येणाऱ्या तोडकऱ्यांविषयी १९७०च्या दशकातच सविस्तर लिहून ठेवले आहे. म्हणजे हा शिरस्ता काही कालपरवाचा नव्हे. धाकट्या भावंडाला सांभाळावयास थोरली बहीण बरोबर जाते. ओशिनच्या पाठीवर मालकाचे मूल होते आणि हिच्या पाठीवर आईचे असते. बाकी तांदळाचे पोते आणि मुकादमाची उचल यांतील व्यवहार एकाच जातीचा आहे: भुकेच्या दिवसांत आगाऊ घेतलेले धान्य अथवा रक्कम, आणि तिच्या फेडीसाठी गहाण पडलेले हातपाय.

मग आपल्याच मुलीची कथा सांगावी, परकीची कशाला, असा आक्षेप येथे येईल, आणि तो सर्वांत वजनदार आक्षेप आहे. पण वर्गात उभे राहून 'तुमच्यापैकी ऊसतोडीला कोण कोण जाऊन आले' असे विचारून पाहावे. प्रश्न कितीही सहानुभूतीने विचारला तरी तो चौकशीसारखाच ऐकू येतो, कारण वसतिगृहाच्या नोंदवहीपासून शिक्षण हमी पत्रकापर्यंत या मुलांना जे प्रश्न आजवर विचारले गेले ते सारे काहीतरी भरून घेण्यासाठीच विचारले गेले. त्याच वर्गाला 'ओशिनच्या बापाने केले ते योग्य होते काय' असे विचारले तर ज्या तोंडांना कुलूप होते ती उघडतील, आणि बापाची बाजू घेणारी मुले निघाल्यास ती ज्या कळकळीने घेतील ती कोणत्याही समाजशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. दूरच्या माणसाविषयी बोलताना लाज वाटत नाही. शिवाय त्यांच्या कानी जन्मापासून पडलेला जो एक समज आहे, की दारिद्र्य हा आमच्या जमातीचा, आमच्या डोंगराचा, आमच्या 'मागास'पणाचा स्वभावच आहे, त्याला या कथेइतका सरळ धक्का दुसऱ्या कशाने बसेल असे मला वाटत नाही. कारण आगगाड्या, मोटारी आणि यंत्रे बनवणारे म्हणून जे राष्ट्र त्यांना ठाऊक आहे त्याच राष्ट्रातल्या मुली त्यांच्या पणजीच्या काळी पोत्याला एक या भावाने चाकरीला जात होत्या.

ओशिनची थोरली बहीण हारू रेशमाच्या गिरणीत कामाला जाते आणि तेथे क्षयाने खंगून मरते. त्या काळी रेशीम हा जपानचा मुख्य निर्यातीचा माल होता आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक अमेरिका होती. जागतिक व्यापार म्हणजे काय, हे शिकवण्यासाठी बाणांनी भरलेल्या नकाशापेक्षा त्या मुलीची छाती आणि दूरदेशीच्या बाईच्या पायातील मोजे यांचे नाते मला पुरेसे वाटते. नंतर विद्यार्थ्यांनी आपण होऊन उसापासून साखरेपर्यंतचा आणि साखरेपासून शहरातल्या चहाच्या पेल्यापर्यंतचा रस्ता काढला तर शिक्षकाने खडू त्यांच्या हाती द्यावा.

परंतु या मालिकेत एक विष आहे, आणि ते जाणत्या शिक्षकाने ओळखलेच पाहिजे. देशोदेशींच्या प्रेक्षकांनी ओशिनवर प्रेम केले ते तिच्या सोशिकपणासाठी. सहन करीत राहा, एक दिवस ओशिनसारखी तुझीही दुकानांची साखळी होईल, असा तिचा अर्थ लावणे सोपे आहे. आणि नंदुरबारच्या मुलींना जर कशाचा धडा देण्याची गरज नसेल तर तो सहनशीलतेचा. आपल्याकडे हा अनुभव पूर्वी आलेला आहे. मेक्सिकोत मिगेल साबिदो याने १९७०च्या दशकात प्रौढशिक्षण आणि कुटुंबनियोजन यांसाठी ज्या दूरचित्रवाणी-मालिका रचल्या त्यांच्या धर्तीवर दूरदर्शनने ७ जुलै १९८४ पासून 'हम लोग' सुरू केली. आरंभीचे तेरा भाग उपदेशाने इतके जड झाले की प्रेक्षक कंटाळले, आणि कुटुंबनियोजन मागे सारून कथा पुढे आणावी लागली. मग ती तुफान चालली. पण अभ्यासकांना पुढे असे आढळले की भागवंती ही जी सोसत राहणारी आई स्त्रियांनी असे होऊ नये म्हणून उभी केली होती, तीच अनेक प्रेक्षकांना आदर्श वाटली. लेखकाने काय लिहिले आणि बघणाऱ्याने काय घेतले यांचा मेळ सरकारी हुकमाने बसवता येत नाही, हे जसे दिल्लीत कळले तसे तेहरानमध्येही कळले होते. १९८९ साली इराणच्या नभोवाणीवर एका स्त्रीने पैगंबरकन्या फातिमेऐवजी ओशिनला आपला आदर्श म्हटले, खोमेनी संतापले, आणि नभोवाणीच्या अधिकाऱ्यांना शिक्षा फर्मावल्या गेल्या. पुढे त्या माफ झाल्या, हा भाग वेगळा. एका सालस जपानी पोरीने एवढे केले! ज्यांना परदेशी नाट्य म्हणजे निरुपद्रवी करमणूक वाटते त्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी.

यावर उतारा एकच, आणि तो मालिकेत नसून वर्गात आहे. ओशिन ज्या वर्षी चाकरीला गेली त्याच १९०७ साली जपान सरकारने सक्तीच्या शिक्षणाची मुदत चार वर्षांवरून सहा वर्षांवर नेण्याचा हुकूम काढला होता. कायदा होता, मुलगी तराफ्यावर होती. आमचा शिक्षणहक्काचा कायदा २००९चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आहे. त्या कायद्याची आणि ऊसतोडीच्या पडावाची रुजवात मुलांकडूनच घालून घ्यावी. नंतर विचारावे, जपानातील कुळाच्या घरातून मुली पाठवणे कशाने थांबले? सोसण्याने नव्हे. युद्धानंतर १९४६च्या जमीनसुधारणेने खंडाची जमीन कुळांच्या नावे झाली, आणि खंडाने कसल्या जाणाऱ्या शेतजमिनीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावरून दहा टक्क्यांच्या आसपास उतरले. याच्या जोडीला शहाद्याची कैफियत ठेवावी: सावकारीत आणि गहाणखतांत गेलेल्या जमिनींसाठी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी अंबरसिंग महाराजांच्या आणि श्रमिक संघटनेच्या आघाडीखाली या जिल्ह्याच्या सपाटीवर केवढा लढा झाला, आणि आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीचा १९७४चा राज्याचा कायदा कोणत्या हवेत मंजूर झाला, हे शहाद्यापासून हाकेच्या अंतरावर शिकणाऱ्या मुलाला ठाऊक नसते. जपानच्या जमिनीवरून तो स्वतःच्या जमिनीवर येईल. उलट दिशेने त्याला नेण्याचा यत्न आम्ही इतकी वर्षे केला आणि तो साधला नाही.

मालिकेच्या चौकटीतच आणखी एक सोय आहे, जिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. कथा सुरू होते ती १९८३च्या वर्तमानात. ओशिन ऐंशी ओलांडलेली आहे, कुटुंबाच्या मालकीची मोठी दुकाने आहेत, आणि नव्या शाखेच्या उद्घाटनाच्या दिवशीच ही म्हातारी कोणाला न सांगता घरातून निघून जाते, कारण मुलाचे नवे दुकान गावच्या लहान दुकानदारांच्या मुळावर येणार आहे आणि आपण कोठे चुकलो हे तिला स्वतःच्या आयुष्याच्या वाटेवर उलटे चालत जाऊन पाहावयाचे आहे. श्रीमंतीच्या टोकाला उभे राहून श्रीमंतीचा जाबजबाब घेणारी अशी कथा विकसित म्हणवणाऱ्या देशाने स्वतःच्या राष्ट्रीय वाहिनीवर वर्षभर दाखवावी, हे मला त्या देशाच्या आगगाड्यांपेक्षा अधिक प्रगत वाटते.

आणि नंदुरबारच्या वर्गाला जपानचे नाव तितकेसे परके नाही. सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. त्याच धरणाच्या विद्युतजनित्रांसाठी जपान सरकारचे कर्ज होते. या धरणाच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील तेहतीस गावे यावयाची होती, आणि त्यांत पहिले मणिबेली. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा आणि पर्यावरणाचा प्रश्न टोकियोतील नागरिकांनी लावून धरला, तेव्हा जपानने १९९० साली पुढील कर्ज थांबवले. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने १९९२ साली बँकेला प्रतिकूल अहवाल दिला, आणि १९९३च्या मार्चमध्ये उरलेले कर्ज नको असे भारत सरकारनेच कळवले. १९९४ साली चव्वेचाळीस देशांतील ३२६ संस्थांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा पुरवण्याविरुद्ध जो जाहीरनामा काढला त्याला त्यांनी नाव दिले ते 'मणिबेली जाहीरनामा'. आश्रमशाळेच्या ज्या पुस्तकात मुलाचा जिल्हा तळाशी छापलेला असतो त्यात हे नाव मी शोधले. मला ते आढळले नाही. धरण व्हावयास हवे होते की नको, यावर गुजरातच्या तहानलेल्या शेतकऱ्याचे म्हणणे निराळे असेल आणि तेही वर्गात मांडले जावे. पण ज्या विषयावर जगाच्या राजधान्यांतून वाद झडला त्यातील साक्षीदारांची नातवंडे आपल्या शाळांत बसलेली असताना त्यांना जागतिक विकासाचा 'परिचय' करून देण्याची भाषा थोडी हास्यास्पद वाटते. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९०च्या दशकापासून नर्मदाकाठी ज्या जीवनशाळा चालवल्या त्यांनी हे मुलांच्या बोलीत सांगण्याची धडपड केली. सरकारी शाळांना तो मार्ग परका राहिला.

शाळांतून अशी मालिका दाखवावयास यंत्रणा नाही असे म्हणता येणार नाही. होती आणि आम्ही ती बुडवली. १९७५-७६ साली अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रयोग झाला त्यात महाराष्ट्र नव्हता, पण १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी स्थापन झाली आणि तिने मराठी शाळांसाठी हजारो कार्यक्रम केले. केंद्राचे अनुदान बंद झाल्यावर ती रखडत राहिली आणि २०१७ साली बंद झाली. आज अनेक जिल्हा परिषद शाळांतून लोकवर्गणीने घेतलेले पडदे आणि संच आहेत, वीज असते तेव्हा ते चालतात, आणि त्यांवर बहुतांशी पाठ्यपुस्तकच चित्ररूपाने पुन्हा दिसते. दक्षिण आफ्रिकेत 'सोल बडीज' या मुलांच्या मालिकेभोवती शाळाशाळांतून विद्यार्थ्यांचे गट उभे राहिले. राम मोहन यांच्या कुंचल्यातून आकाराला आलेली आणि बांगलादेशात जन्मलेली 'मीना' ही चित्रमालिकेतील मुलगी आपल्या शाळांत मीना-राजू मंचाच्या रूपाने आलीही. परंतु मीनाच्या कथेला उत्तर ठरलेले असते. मला हवा आहे तो वाद, आणि वादाला ज्याचा निकाल लागलेला नाही असे प्रकरण लागते.

भाषेचा प्रश्न मी गौण मानतो, हे ऐकून काही सन्मित्र रागावतील. पावरी, भिलोरी, मावची बोलणाऱ्या मुलापुढे मराठी ध्वनिमुद्रण केलेला जपानी प्रसंग ठेवणे म्हणजे एका परक्या भाषेवर दुसरी चढवणे होय. त्यापेक्षा मूळ आवाज तसाच चालू द्यावा, शिक्षकाने प्रसंगाआधी दोन वाक्यांत सारांश सांगावा, आणि मध्ये चित्र थांबवून वर्गातील एकाने आपल्या बोलीत पुढचे सांगावे. या डोंगरांत रात्र रात्र सोंगे पाहणारे प्रेक्षक आहेत. चेहऱ्यावरून आणि आवाजावरून नाट्य ओळखण्यात ते पुण्या-मुंबईच्या रसिकांना हार जाणार नाहीत. भाग पंधरा मिनिटांचा आणि तास पस्तीस मिनिटांचा, म्हणजे बोलावयास अधिक वेळ उरतो, आणि तसाच तो उरावयास हवा. सारे २९७ भाग दाखवण्याचे कारण नाही. बालपणाचे वेचक दहा-बारा आणि म्हातारपणीचे दोन पुरेत. आई नदीत उतरते तो भाग शिक्षिकेने आधी स्वतः पाहावा आणि आपला वर्ग पाहून निर्णय घ्यावा. त्यासाठी वरून परिपत्रक नको. परीक्षेत यावर एकही प्रश्न विचारला जाऊ नये, अन्यथा बाजारात 'ओशिन मार्गदर्शक' येईल आणि 'ओशिनच्या स्वभावाची पाच वैशिष्ट्ये' मुले घोकू लागतील.

प्रसारणाचे हक्क मिळवण्याची तजवीज राज्य सरकारने करावी. जपान फाउंडेशनने ही मालिका पूर्वी अनेक विकसनशील देशांना सांस्कृतिक सहकार्य म्हणून पुरवली आहे, तेव्हा मागणी केल्यास ती अगदीच अव्हेरली जाईल असे नाही. आदिवासी विकास विभागाच्या नंदुरबार आणि तळोदा येथील प्रकल्प कार्यालयांनी पाच-सहा आश्रमशाळा निवडून एक वर्ष हे करून पाहावे, शिक्षकांच्या टिपणांऐवजी मुलांच्या वादांची टिपणे मागवावी, आणि मग काय ते ठरवावे. वेळापत्रकाविषयी मात्र आग्रह धरला पाहिजे. शासकीय उपक्रमांना मंजुरी, निधी आणि उद्घाटन यांतून मोकळे होता होता बहुधा जानेवारी उजाडतो. हा उपक्रम जानेवारीत सुरू झाला तर ज्यांच्यासाठी तो आहे त्यांतील पुष्कळ मुले तेव्हा सुरत आणि तापी जिल्ह्यांतील उसाच्या फडांवर असतील आणि भोंगऱ्या-होळीला परततील. सबब पहिला भाग जुलैत दाखवावा आणि शेवटचा दिवाळीच्या सुटीपूर्वी संपवावा.